हिरव्या कार्डाच्या गावातले तपकिरी दात

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री
आणि
माननीय पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री,
महाराष्ट्र राज्य



एकाच पत्रावर दोन मंत्री पाहून आवक-जावक बघणाऱ्या कारकुनाची पंचाईत होईल, याची मला कल्पना आहे. पण माझं गाऱ्हाणंच असं आहे, की त्याला एक धनी नाही. यवतमाळ जिल्ह्यात मी दातांचा दवाखाना चालवतो. इकडच्या पुष्कळ मुलांच्या समोरच्या दातांवर तपकिरी डाग असतात. आरोग्य खात्याच्या लेखी तो पाण्याचा विषय, पाणीपुरवठा खात्याच्या लेखी तो दातांचा विषय, आणि शाळेच्या लेखी तो पोराच्या आळसाचा विषय. वर्गात सगळ्यांसमोर ‘दात घासत नाहीस का रे?’ असं विचारलं गेलेली मुलं मोठी झाल्यावरही तोंडावर हात धरून हसतात. मुलगी असेल तर सोयरीक जुळवताना हा डाग पुन्हा पुढे येतो. काही गावांची ओळखच शेजारच्या गावांत ‘दात खराब असलेलं गाव’ अशी झालेली आहे.

त्या मुलानं दिवसातून चार वेळा दात घासले असते, तरी हा डाग गेला नसता. हे तुम्हाला पटवायचं, तर दात कशाकशानं रंगतात ते आधी थोडं सांगायला हवं, कारण सगळे डाग पाण्याचे नसतात आणि मीही तसं म्हणत नाही.

काही रंग बाहेरून चढतात. चहातलं टॅनिन, पानातला कात, विडीचा धूर, गुटखा. हे डाग दातांच्या पाठीमागं, फटींत, हिरडीच्या कडेला जास्त दिसतात, कारण तिथं ब्रश नीट पोचत नाही आणि तिथंच कीटण साचतं. दवाखान्यात दात साफ केले की ते निघतात. (‘मशीननं दात साफ केले की हलायला लागतात’ हा समज आमच्या भागात अजून पक्का आहे. दात हलत असतात ते कीटणाखाली हिरडी आणि हाड झिजल्यामुळे. कीटण निघालं की ते लक्षात येतं, एवढंच.) हिरडीच्या आजारावर आम्हीच लिहून दिलेलं क्लोरहेक्झिडीनचं गुळणीचं औषध सांगितलेल्या मुदतीपेक्षा जास्त दिवस वापरलं, तर दात तपकिरी होतात. तोही वरवरचा रंग.

आरोग्यमंत्री महोदय, यातला एक बारीक मुद्दा थेट तुमच्या कामाचा आहे. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप द्यायचं असतं. त्यानं काही मुलांचे दात काळपट होतात, आणि काळे दात पाहून आई सिरप बंद करते. तो काळेपणा निघणारा आहे, सिरप जिभेच्या मागच्या बाजूला द्यावं आणि वरून पाणी पाजावं, एवढं आशाताईंनी बाटली देतानाच सांगितलं तर रक्तक्षयाशी लढणारं औषध फडताळात पडून राहणार नाही.

मिश्रीबद्दल मात्र दोन ओळींत भागणार नाही. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखूची ही पूड बायका सकाळी बोटानं दातांना लावतात. बऱ्याच जणी दुपारी, संध्याकाळीही लावतात. दुखऱ्या दाढेसाठी किंवा पोट साफ होण्यासाठी म्हणून सुरू झालेली सवय जन्माची होते. नवऱ्याच्या तंबाखूची चर्चा चावडीवर होते, बायकोच्या मिश्रीची घरातही होत नाही, कारण घराच्या लेखी ते दात घासणंच असतं. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारनं 1992 मध्ये बंदी केली. राज्यानं 2012 मध्ये गुटखा बंद केला. पण घरी तव्यावर तंबाखू भाजणाऱ्या बाईपर्यंत यातलं काहीच पोचत नाही. अशी बाई दवाखान्यात येते ती दात काळे झाले म्हणून. दात मी साफ करून देतो. पण माझं लक्ष तिच्या गालाच्या आतल्या पांढऱ्या किंवा लाल चट्ट्याकडे असतं. त्याच्यापुढे दातांचा रंग ही फार किरकोळ तक्रार आहे.

दुसऱ्या जातीचे डाग दाताच्या आत असतात. एकच दात राखाडी पडला असेल तर बहुतेक वेळा लहानपणी तो आपटलेला असतो, आतली नस मेलेली असते. आज पन्नाशीच्या पुढे असलेल्या काहींच्या दातांवर करड्या, पिवळसर आडव्या पट्ट्या दिसतात. दात घडण्याच्या वयात त्यांना टेट्रासायक्लीन दिलं गेलं होतं. ते औषध कॅल्शियमला चिकटून दातात बसतं आणि उजेडानं हळूहळू गडद होतं. म्हणून गरोदरपणात आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ते आता टाळतात. आणि वयानं दात पिवळे होतात त्यात तर रोग काहीच नाही. वरचं एनॅमल पारदर्शकाकडे झुकणारं असतं, त्याच्या आतलं डेंटीन मुळातच पिवळं असतं. एनॅमल झिजत जातं तसं आतलं जास्त दिसू लागतं. जाहिरातीतल्या माणसांसारखे पांढरे दात निसर्गात कुणालाच मिळालेले नाहीत. आपल्याकडे तर एके काळी सवाष्ण बायका दातवण लावून दात मुद्दाम काळे करत आणि ते शोभेचं मानलं जाई.

आता आमच्याकडच्या डागाविषयी. तो दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखा असतो. उजव्या पटाशीवर जिथं रेघ, तिथंच डाव्या पटाशीवर. सौम्य असेल तर पांढुरक्या आडव्या रेघा किंवा ढगाळ ठिपके, जास्त असेल तर पिवळे-तपकिरी पट्टे, आणि फारच असेल तर एनॅमलला खड्डे पडून त्याचे टवके निघतात. हा फ्लोरोसिस. एका घरातल्या सगळ्या भावंडांना तो असतो, आणि बहुधा त्याच हापशीवर पाणी भरणाऱ्या शेजारच्या घरातल्या मुलांनाही.

कायमच्या पटाशीच्या दातांचं एनॅमल मूल तीन-चार महिन्यांचं असताना हिरडीच्या आत घडू लागतं आणि चार-पाच वर्षांचं होईपर्यंत पुरं होतं. त्यातली पहिली तीन वर्षं सर्वांत नाजूक. या काळात पोटात जास्त फ्लोराइड गेलं तर एनॅमल पुरतं पक्कं होत नाही, पृष्ठभागाखाली सच्छिद्र राहतं. सहाव्या-सातव्या वर्षी दात बाहेर येतो तेव्हा तो तपकिरी नसतो, खडूसारखा पांढुरका असतो. मग खडू शाई पितो तसा तो तोंडातले रंग पीत जातो आणि वर्षा-दोन वर्षांत तपकिरी होतो. दुधाचे दात बरेचसे आईच्या पोटात आणि अंगावरच्या दुधावर घडतात, आणि आई कसलंही पाणी पीत असली तरी तिच्या दुधात फ्लोराइड नगण्य उतरतं. म्हणून ते बहुतेक वेळा स्वच्छ असतात. आईला दिसतं ते एवढंच, की आधीचे दात छान होते आणि नवे आलेले खराब झाले. म्हणजे पोरगं घासत नाही! तिचा निष्कर्ष चुकीचा असला तरी तर्कशुद्ध आहे.

हे कोडं पहिल्यांदा सुटलं अमेरिकेत, आणि तेही शोधणाऱ्याच्या चिकाटीमुळे. फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य 1901 मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी आला. तिथल्या माणसांच्या दातांवर तपकिरी डाग होते आणि लोकांकडे त्याची हवी तितकी कारणं होती. त्यानं तीस वर्षं पिच्छा पुरवला. आयडाहोतल्या ओकली गावातल्या पालकांनी त्याला सांगितलं, की एका गरम झऱ्याचं पाणी नळानं गावात आणल्यानंतर मुलांचे दात बिघडू लागले. पाण्यात नेमकं काय आहे ते त्याला तेव्हा माहीत नव्हतं, तरी 1923 मध्ये त्यानं त्यांना तो नळ सोडून दुसऱ्या झऱ्याचं पाणी घ्यायला सांगितलं. गावानं ऐकलं. काही वर्षांनी नव्या येणाऱ्या दातांवरचे डाग थांबले. फ्लोराइड सापडलं ते त्यानंतर, 1931 मध्ये, एका अल्युमिनियम कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञाला, एच. व्ही. चर्चिल यांना. आपल्या देशात 1937 मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून फ्लोरोसिसची नोंद झाली, आणि ती नुसत्या दातांची नव्हती. पाठीचा कणा ताठरलेल्या, वाकता न येणाऱ्या माणसांची होती. फ्लोराइड हाडांतही साठतं, तिथं दिसायला बरीच वर्षं लागतात. दातावर ते आधी दिसतं.

महाराष्ट्रात हे पाणी कुठं आहे ते तुमच्याच यंत्रणांना माहीत आहे. आमच्याकडे केळापूर, झरी-जामणीचा पट्टा, नांदेडमधला किनवट, चंद्रपूर जिल्हा. खडकातली फ्लोराइडयुक्त खनिजं पाण्यात विरघळतात. पाणी जितकं खोल आणि खडकात जितकं जास्त काळ मुरलेलं, तितकं बहुधा फ्लोराइड जास्त. 1972 च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर पडले, हापशा आल्या. त्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांनी माणसं जगवली, पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी प्यायल्यामुळे होणारा नारू हटायला त्यांचा हातभार लागला. पण उथळ विहीर सोडून आपण खोल खडकातलं पाणी प्यायला लागलो, हेही खरंच.

आणि हे पाणी फसवं असतं. त्याला वास नाही, रंग नाही, वेगळी चव नाही. कॅल्शियम कमी आणि सोडा जास्त असलेल्या पाण्यात फ्लोराइड जास्त विरघळतं, आणि अशा पाण्यात डाळ लवकर शिजते. ‘डाळ शिजते ते पाणी चांगलं’ ही आमच्या आयाबायांची परीक्षा इथं उलटीच पडते.

सरकारची परीक्षाही तशीच पडते. पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण करून आपण ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतो. पद्धत चांगली आहे. जलसुरक्षक ब्लीचिंग पावडर टाकतो, ओटी टेस्ट म्हणजे क्लोरीनची चाचणी घेतो, हापशीभोवतीचा चौथरा फुटलेला आहे का, सांडपाणी साचतं का ते पाहिलं जातं. हे सगळं जंतूंसाठी. गॅस्ट्रो, कावीळ यांच्यासाठी. या कसोटीवर पूर्ण गुणांनी उतरलेल्या हापशीत फ्लोराइड कितीही असू शकतं, आणि क्लोरीननं ते कणभरही कमी होत नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हिरवं कार्ड आणि शेजारच्या शाळेत तपकिरी दात, असं एकाच आवारात दिसतं. सरपंच कार्डाकडे बोट दाखवतो आणि तो खोटं बोलत नसतो.

मर्यादेविषयीही बोलायला हवं. आपल्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत. ‘दुसरा स्रोतच नसेल तर’ ही सवलत आमच्याकडे नियम होऊन बसली आहे. अमेरिकेनं 1962 मध्ये पाण्यातल्या फ्लोराइडचं प्रमाण ठरवताना गावाचं तापमान धरलं होतं. 0.7 ते 1.2 मिलिग्रॅमच्या दरम्यान, आणि गाव जितकं गरम तितकं प्रमाण कमी, कारण उन्हात माणूस पाणी जास्त पितो. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. इथल्या दोन वर्षांच्या मुलाला थंड प्रदेशातल्या मुलाचा आकडा लावणं बरोबर नाही, हे सांगायला दंतवैद्य लागू नये.

घरच्या उपायांचा हिशोब पाहिला तर आणखी वाईट वाटतं. पाणी उकळल्यानं फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं. कापडानं गाळून, साध्या कँडल फिल्टरनं ते निघत नाही. आरओनं निघतं, पण आरओ कुणाकडे असतो? दातांवर मात्र बरेच प्रयोग होतात. विटेची भुकटी, राखुंडी, कोळशाची पेस्ट, मोबाइलवर पाहून लिंबू-सोडा. लिंबाच्या आम्लानं आणि भरड पुडीनं एनॅमल झिजतं, आणि झिजलं की आतलं पिवळं डेंटीन जास्तच दिसतं. दात पांढरे करण्याच्या पेस्टी बाहेरचा डाग घासू शकतात, एनॅमलमध्ये मुरलेल्या डागाला त्या काही करू शकत नाहीत. मजुरीच्या पैशांतून अशी महाग ट्यूब घेणारे आईबाप मी पाहतो तेव्हा कुणावर रागवावं ते कळत नाही. (इथं एक खुलासा. फ्लोराइडच्या नेहमीच्या पेस्टला घाबरून ती टाकून देऊ नये, दात किडण्यापासून ती वाचवते. लहान मुलाला फार तर वाटाण्याएवढी द्यावी आणि ती गिळू न देता थुंकायला शिकवावं. ज्या गावाच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथं लहान मुलाची पेस्ट दंतवैद्याला विचारून ठरवावी.)

आता मागणी. ती मोठी नाही.

आरोग्यमंत्री महोदय, तुमची तपासणी पथकं वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत जातात. तिसरी-चौथीच्या मुलाचे समोरचे चार दात पाहायला अर्धं मिनिट लागतं. त्या मुलानं पाळण्यात असल्यापासून चार-पाच वर्षांचं होईपर्यंत काय पाणी प्यायलं, हे त्या दातांवर असतं. आजचा पाण्याचा नमुना फक्त आजचं सांगतो, आणि तोही पावसाळ्यानंतर घेतला की वेगळा येऊ शकतो. दातांची प्रत ठरवायला डीनचा निर्देशांक जगभर वापरात आहे, त्यासाठी नवं काही शोधायला नको. पथकातल्या डॉक्टरांनी एवढं ओळखायला शिकावं, की एकच दात काळा असेल तर मार लागला असेल, हिरडीलगत असेल तर कीटण असेल, आणि जोडीनं दोन्हीकडे आडव्या रेघा असतील तर पाणी तपासायला हवं. अशी मुलं ज्या गावात जास्त निघतील त्या गावाचं नाव त्याच महिन्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे जावं आणि तिथल्या प्रत्येक बोअरचं, प्रत्येक हापशीचं पाणी वेगवेगळं तपासलं जावं. वेगवेगळं हे महत्त्वाचं. एकाच गावात दोन हापशांच्या पाण्यात मोठा फरक असतो, आणि बऱ्याचदा गावातच एक बरी विहीर निघते, जी आपण हापशी आली म्हणून कचरा टाकून बुजवत आणलेली असते.

पाणीपुरवठा मंत्री महोदय, अख्ख्या गावाचं पाणी शुद्ध करायच्या योजना मी पाहिल्या आहेत. फ्लोराइड शोषणारं माध्यम ठरावीक काळानं बदलावं किंवा धुऊन घ्यावं लागतं. ते कुणाच्या खर्चानं, हे ठरलेलं नसतं, आणि यंत्र शोभेचं होतं. नागपूरच्याच नीरी या संशोधन संस्थेनं तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत 1970 च्या दशकात बसवून दिली. तिलाही रोज मोजून घालणारा माणूस आणि साचलेला गाळ टाकायला जागा लागते. म्हणून मी म्हणतो, नळाची सुरक्षित योजना येईल तेव्हा येवो, तोवर आंघोळीचं, गुरांचं, धुण्याचं पाणी बाजूला ठेवा. आठ वर्षांखालच्या मुलाला पिण्याला आणि त्याच्या भाताला दिवसाला थोडे लिटर पाणी लागतं. अंगणवाडीत आणि गरोदर, स्तनदा माता असलेल्या घरात एवढं पाणी चांगलं पोचवणं ही टँकरच्या खर्चापुढं काहीच नसलेली गोष्ट आहे. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसतंच, अंगणवाडीच्या पत्र्यावरचं पाणी साठवायला टाकी पुरते. आणि ज्या हापशीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त निघेल तिला लाल रंग द्या, ‘फक्त वापरासाठी’ असं मोठ्या अक्षरांत लिहा. वाचता न येणाऱ्यालाही लाल रंग कळतो.

ज्यांचे दात रंगून गेले आहेत, त्यांच्यासाठी उपचार आहेत. सौम्य डागाला पृष्ठभाग हलकेच घासून काढायची मायक्रोअब्रेजन पद्धत, ब्लीचिंग, जास्त असेल तर रेझीनचा थर. अवघड काही नाही. पण केळापूरच्या मुलीनं त्यासाठी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किती खेपा घालायच्या? उपजिल्हा रुग्णालयातल्या दंतशल्यचिकित्सकाला साहित्य मिळालं तर ते काम तिथं होईल. याला सौंदर्योपचार म्हणून फाईल परत पाठवू नये. सरकारच्या बोअरचं पाणी पिऊन आलेला डाग आहे तो.

शेवटची अडचण राजकीय आहे, तीही सांगून टाकतो. यंदा जन्मलेल्या मुलाला चांगलं पाणी मिळालं, तर त्याची पटाशी स्वच्छ आल्याचं सात-आठ वर्षांनी दिसेल. तोवर तुमच्या दोघांची खाती बदललेली असतील, त्यामुळे या कामाचं श्रेय तुम्हाला मिळण्याची शक्यता कमीच. पण मधल्या काळात मोजायला एक गोष्ट आहे. पाणी बदललं की लघवीतलं फ्लोराइड काही आठवड्यांतच उतरू लागतं. 2008-09 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय फ्लोरोसिस कार्यक्रमात जिल्ह्याच्या प्रयोगशाळेला पाणी आणि लघवी दोन्ही तपासणारं आयन मीटर द्यायची तरतूद आहे. पाणी बदलण्याआधी अंगणवाडीतल्या मुलांचे नमुने घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा घ्या, आणि दोन्ही आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, हिरव्या कार्डाच्या शेजारी लावा.

आपला,
एक दंतवैद्य
यवतमाळ जिल्हा